यंदापुरतं झाड

मोहाची वाळलेली फुलं जळताना आधी गुळासारखा वास येतो. मग करपलेल्या गुळाचा, आणि शेवटी एक कडवट, घशात बसून राहणारा. गेल्या संक्रांतीला सुनेकडून गुळाचा पाक करपला आणि मी पाटावरून उठून मागच्या अंगणात जाऊन ओकले. सून घाबरली. "आई, डॉक्टरकडे चला," म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, पित्त आहे." पित्ताचं हे कारण मी बरीच वर्षं वापरत आले आहे. माझ्या घरात मोहाचं फूल येत नाही, होळीत मी उभी राहत नाही, आणि का ते कोणी विचारलं तर पित्त.

आता सांगायचंच ठरवलं आहे, तर सुरुवातीपासून सांगते.

हल्ली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. तेव्हा सगळा चांदाच होता, आणि चांदा मध्य प्रदेशात. माझं माहेर चिमूरकडचं, धानाच्या बांध्यांचं गाव. लग्न झालं आणि नाकेदाराची बायको म्हणून मी अहेरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जंगलखात्याच्या नाक्यावर येऊन पडले. नाका म्हणजे भाजक्या मातीच्या कवेलूचं, दोन खोल्यांचं घर. समोर रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, बाजूला धानाच्या वाळल्या तणसाने शाकारलेला बैलांचा मांडव, एक विहीर, आणि मागच्या दारातून पाऊल टाकलं की डोंगरच. माणसाचं तोंड दिसायचं ते लाकडाच्या गाड्या जात तेव्हा.

नवरा रागीट होता, असं मी आजवर लोकांना सांगत आले. रागीट हा शब्द बरा दिसतो. तो मारायचा. बैलांना मारायचा, चोरून लाकूड नेणाऱ्यांना मारायचा, मला मारायचा, आणि सगळ्यांना त्याच एका बांबूच्या काठीने. ती काठी दाराच्या आत, खुंटीला टांगलेली असे. रोज सकाळी झाडताना मी तिच्यावरची धूळ पुसायची.

त्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच निघून गेला होता. नाल्यातला डोह होळी यायच्या आत आटला. सागाची पानं वेळेआधी गळली आणि डोंगरावर चाललं की पायाखाली पापड मोडावा तसा आवाज येई. त्यात कटंग बांबूला फुलोरा आला. बांबू एकदाच फुलतो आणि मरतो. डोंगरभर बेटंच्या बेटं उभी वाळली होती. जंगलखात्याच्या माणसांनी हिवाळ्यात जाळरेषा काढल्या होत्या, म्हणजे आगीला ओलांडता येऊ नये म्हणून जाळून साफ केलेले पट्टे. त्या पट्ट्यांवर बांबूची मेलेली पानं दिवसरात्र उडून पडत होती. नवरा रोज चिडून येई. "सरकारनं मले झाडूवाला केला," म्हणे.

डोंगरावर वरच्या अंगाला एक टोला होता, जंगलात राहणाऱ्या लोकांची थोडी घरं. तिथला झरा आटल्यामुळे बाया नाक्याच्या विहिरीवर येऊ लागल्या. नवरा असला की तो त्यांना हाकलून देई. तो गस्तीवर गेला की मी दोर खाली सोडून देई. त्यातली एक माझ्याहून जराशी मोठी होती. कपाळावर गोंदण, दात पांढरे, आणि बोलायला कोणाच्या बापाला भीत नसे. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणे.

"तू दिवसभर घरात बसून काय करून राह्यली वो बाई?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. "अंडे देऊन राह्यली काय?"

लग्नानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती त्या दिवशी.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा ती म्हणाली, चल. मी म्हटलं, नवरा मारेल; नाकेदाराची बायको मोह वेचते म्हटलं तर त्याची काय इज्जत राहील. ती म्हणाली, "तो गस्तीवर गेल्यावर ये ना. तुयी इज्जत मी टोपलीत झाकून ठेवतो."

त्यांच्यात मोहाची झाडं घराघरांना वाटलेली असतात. जंगल सरकारचं असलं, तरी कोणत्या झाडाखालची फुलं कोणत्या घरची हे टोल्यात सगळ्यांना पाठ असतं. तिच्या घरची तीन झाडं होती. त्यातलं नाल्याकाठचं, नाक्याहून सगळ्यात जवळचं झाड तिने मला दाखवलं आणि बुंध्यावर थाप मारून म्हणाली, "तुले इथी माय नाई, बाप नाई. कोन देनार तुले? हे घे. यंदापुरतं तुयं."

मला कोणी काही दिलं असं तोपर्यंत झालं नव्हतं. लग्नात भांडी मिळाली, ती सासूची झाली. हे झाड मात्र माझं होतं, यंदापुरतं का असेना. पहाटे फुलं टपटप पडायची आणि सकाळी मी टोपली घेऊन जायची. घराच्या मागे चटईवर वाळवून, वरून जुनं लुगडं टाकून झाकून ठेवायची. कशासाठी वेचत होते ते विचाराल तर नीट सांगता येणार नाही. विकायला नव्हे. मूठभर भाजून खायची, बाकीची नुसती साठवायची. कधी दुपारी लुगडं वर करून पाहायची.

झाड देताना तिने एक नियमही सांगितला होता. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ज्याचं झाड त्याने तो जाळायचा, आणि राख गार होईपर्यंत उठायचं नाही. उठण्याआधी राखेवर तळवा टेकवून पाहायचं. आग पुढे सरकली तर जाब झाडवाल्याला. वेचणारं कोणी का असेना, झाड ज्या घरचं, आग त्या घरची. पण यंदा तेही बंद, ती म्हणाली. टोल्यात बसून सगळ्यांनी ठरवलं होतं: जंगल फार वाळलं आहे, कोणी काडी लावायची नाही. पाला डहाळीने झाडायचा.

मी पहिले काही दिवस झाडला. नाल्याकाठी दगड, काटे, गवत. झाडता झाडता ऊन डोक्यावर येई, आणि नवरा परत यायच्या आत मला घरी असावं लागे. एका सकाळी मी पदराला आगपेटी बांधून नेली. टोल्यातल्या बाया वरच्या झाडांकडे होत्या. मी पाला जाळला. चांगला जळला, भर्रकन. कडेने पळू लागला तिथे मी ओल्या डहाळीने झोडपून विझवला. जमीन काळी, स्वच्छ झाली. मला फार हुशारी वाटली.

झाडाशेजारी ऐनाच्या झाडाचं एक जुनं खोड आडवं पडलं होतं, आतून पोकळ. त्याच्या तोंडाला जाळ लागून गेला होता. मी राखेवर हात टेकवायला वाकणार, तेवढ्यात खाली रस्त्यावर नवऱ्याच्या सायकलची घंटी वाजली. वेळेआधी. मी टोपली उचलली आणि मागच्या वाटेने पळत सुटले.

खोडात आग राहिली आहे हे मला कळलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. कळलं होतं. खोडाच्या तोंडातून कोणी आत बसून बिडी ओढत असावं असा बारीक धूर येत होता. मी तो पाहिला, घंटी ऐकली, आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला.

आधी आवाज आला. मला वाटलं बंदुका. वाळलेल्या बांबूच्या पेरात हवा असते. आग लागली की पेर फुटतं. एक बेट पेटलं की गोळीबार. मग धूर डोंगराच्या कुशीतून उठला आणि बघता बघता डोंगर अर्धा दिसेना. आग चढावर माणसासारखी चढत नाही. ती झेपावते. खालचं झाड पेटायच्या आत वरचं पेटलेलं असतं. नवरा हातात कोयता घेऊन शिव्या देत धावला, मागून रस्त्याच्या कामावरचे मजूर धावले. त्यांनी जाळरेषेवर उभं राहून हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायचा प्रयत्न केला, पण त्या पट्ट्यावर पानं पडलेली होतीच. आगीने तो पट्टा पाऊलही न अडखळता ओलांडला. एक रानडुक्कर पाठीवर आग घेऊन रस्त्याच्या पलीकडे गवतात घुसलं, आणि लगेच तिथूनही धूर निघाला. नाल्यापलीकडच्या उंच झाडावर माकडं ओरडत होती. किंचाळणंच ते, बायांसारखं. मग ती ओरडेनाशी झाली.

टोला जळाला. माणसं वाचली, कारण ती कातळावर चढून बसली. घरं, धान, कोंबड्या, बांधलेली गुरं, काही उरलं नाही. गुरांचा आवाज मला नाक्यावर ऐकू येत होता. मी कानात बोटं घालून चुलीपुढे बसून राहिले.

आग डोंगर ओलांडून पलीकडे उतरली आणि इकडे जरा शांत झालं. सकाळी नवरा आग कुठून निघाली ते शोधत फिरला. त्याला नाल्याकाठचं झाड सापडलं. खालची गोल जाळलेली जमीन, आणि शेजारी राख होऊन पडलेलं खोड. झाड कोणाचं, हे सांगायला टोल्यात कोणी खळखळ केली नाही. नवऱ्याने तिच्या माणसाला मानेला धरून नाक्यावर आणलं. रेंजर साहेबांना निरोप गेला होता. ते दुसऱ्या दिवशी जीप घेऊन यायचे होते, आणि ते येईपर्यंत आग लावणारा माणूस नाक्यावर हजर पाहिजे होता. नाहीतर नवऱ्याची नोकरी गेली असती.

तिच्या माणसाला मी एकदोनदाच पाहिलं होतं. हडकुळा, उंच, बायको बोलते म्हणून आपण गप्प राहणारा. मी दाराच्या ताटीमागे उभी होते. ताटीच्या फटीतून अंगण दिसत होतं.

"झाड कोनाचं?" नवऱ्याने विचारलं.

"आमचं हाय जी."

"मंग आग कोनं लावली?"

"झाड आमचं हाय."

"तुले मराठी समजून नाई राह्यली काय बे? आग कोनं लावली?"

पहिला फटका पोटरीवर बसला. तो खाली बसला, परत उठला. "झाड आमचं हाय," एवढंच म्हणाला, आणि ताटीकडे पाहिलं.

तो मला वाचवत होता असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. बायकोने झाड कोणाला दिलं हे त्याला ठाऊक होतं. आपल्या घरची आग म्हणून त्याने झाडाचा जाब घेतला, ते त्याच्या रीतीने झालं. आता माझी पाळी होती. घरची बाई आपल्या नवऱ्याला घरातच खरं काय ते सांगेल आणि मारणं थांबेल, अशी त्याने वाट पाहिली. प्रत्येक फटक्यानंतर तो ताटीकडे पाहायचा. पाठ फुटली. काठी मोडली. नवऱ्याने कुऱ्हाडीचा दांडा आणला. दांड्याचा आवाज निराळा येतो, आत कुठेतरी ओलं मोडल्यासारखा. मी ताटी धरून उभी होते, आणि तो फटीतून माझ्याकडे पाहत होता.

शेवटी तो म्हणाला, "तुया बाईले इचार ना."

नवरा थांबला. मग आत आला. घामाचा, धुराचा वास.

"काय म्हनून राह्यला तो?"

"खरं म्हनून राह्यला," मी म्हटलं.

एवढं धैर्य मी दाखवलं, ते लिहून ठेवते, कारण त्याचा उपयोग काय झाला हेही लिहायचं आहे. नवऱ्याने मला कानफटात मारलं. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. तो मागच्या अंगणात गेला, लुगडं ओढलं, वाळलेली सगळी फुलं लाथेने तिथल्या कचऱ्याच्या खड्ड्यात लोटली आणि वर कंदिलातलं रॉकेल ओतून काडी लावली. मग परत आत येऊन माझे केस धरून म्हणाला, "तोंड उघडशील त तुले याच खड्ड्यात घालतो." आणि बाहेर गेला.

बाहेर जाऊन त्याने तिच्या माणसाच्या तोंडावर मारलं. आता त्याला कबुली नको होती. आता त्या तोंडातून शब्द निघायला नको होता. दांड्याच्या टोकाने, पुन्हा पुन्हा, जबडा लोंबेपर्यंत. दात अंगणात पडले. मी खरं बोलले नसते तर त्याचा जबडा शाबूत राहिला असता. मागे माझी फुलं जळत होती, आणि साऱ्या नाक्यावर गुळाचा वास पसरला होता.

मग त्याला बैलांच्या मांडवातल्या खांबाला बांधलं. हात मागे, खांबाच्या पलीकडे, सोलाचा जाड दोर. बैल सोडून रस्त्यावर नेले होते.

दुपारी वारा फिरला. पलीकडे उतरलेली आग दुसऱ्या सोंडेवरून वळून परत आली. मजूर ओरडत आले, "जी, इकडंच येऊन राह्यली! नाक्यावर येऊन राह्यली!" नवरा सगळ्यांना घेऊन नाक्याच्या वरच्या अंगाला धावला. जाताना कोयता माझ्या हातात कोंबून म्हणाला, "मांडवाचं तणस ओढून काढ, नाई त घर जाईल."

घराला कवेलू होते. मांडवाला तणस.

मी अंगणात आले. वरून जळकी पानं पडत होती, काळी, मधूनच एखादी अजून लाल. तो खांबाशी मान टाकून बसला होता. तोंड सुजून एक डोळा बुजला होता, पण दुसरा उघडा होता आणि त्यातून त्याला मी दिसले. तोंडातून आवाज आला, शब्द नव्हते. हात हलवून दाखवत होता, दोर, दोर.

एवढंच करायचं होतं. चार पावलं जायचं आणि दोर कापायचा. कोयता हातात होता, धार केलेला. नवरा धुरात दिसेनासा झाला होता.

मी गेले नाही.

भीतीने पाय गारठले, असं म्हणून मी आयुष्य काढलं. पाय गारठले नव्हते. मी विचार करत होते, आणि विचार अगदी स्वच्छ होता. उद्या साहेब येतील. हा जबडा कधीतरी बरा होईल आणि हा परत बोलेल. आणि हा जर आज इथेच राहिला, तर कोणी बोलणार नाही. वणव्यात गेला म्हणतील. मी असा विचार केला. बाई माणूस असून, ज्याच्या घरच्या झाडाखाली मी वेचलं त्याच्याबद्दल.

मांडवाच्या मागच्या कोपऱ्यावर एक जळतं पान पडलं. तणस आधी काळं झालं, मग उजळलं. मी पाहत होते. तो वर पाहून ओरडू लागला, त्या फुटलेल्या तोंडाने. जळत्या तणसाचा एक पेंढा सुटून खांबामागे पडला, बरोबर त्याच्या हातांवर. मी पाहत होते.

ती डोंगरावरून आली. लुगड्याचा काठ जळलेला, केस जळलेले, हातात विळा. माझ्या अंगावरून धावत गेली, मला खांद्याने ढकलून. जळत्या पेंढ्यात हात घालून तिने दोर कापला, त्याला काखेत धरून ओढून काढलं. मागे मांडव बसला. ती अंगणात त्याच्याशेजारी गुडघ्यावर होती, धापा टाकत. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुया हातात काय हाय?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं. कोयता होता.

तिने मान परत त्याच्याकडे वळवली. "पानी काढ," एवढं म्हणाली. मी पाणी काढलं. ती त्याच्या हातांवर ओतत राहिली आणि मी काढत राहिले. विहिरीच्या काठावर आम्ही तिघं, आणि आग नाक्याच्या दोन्ही बाजूंनी गरजत जात होती. तोंड भाजत होतं, विहिरीच्या दोराला हात लावला की तोही गरम. त्याची बोटं एकमेकांना चिकटली होती. ती त्याच्या कानाशी त्यांच्या बोलीत काहीतरी सारखं म्हणत होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि बरं झालं असं मला तेव्हा वाटलं.

घर राहिलं. नवरा परत आला तेव्हा भुवया जळलेल्या होत्या. त्याने तिच्या माणसाचे हात पाहिले, माझ्या हातातला पोहरा पाहिला आणि पायरीवर बसून बिडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी जीप आली. रेंजर साहेब उतरले, जळक्या डोंगराकडे पाहून डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. नवऱ्याने सांगितलं: हा माणूस, याच्या झाडाखालून आग निघाली, पकडताना झटापट झाली, हात वणव्यात भाजले. साहेब मान हलवत होते.

ती पुढे झाली. "झाड आमचं हाय," म्हणाली. "पन आग हिनं लावली. झाड मी देल्लं होतं हिले. यंदापुरतं."

मजूर हसले. एकजण म्हणाला, "नाकेदाराची बायको मोह वेचते म्हन! उद्या रेंजर साहेबाची बायको तेंदू तोडाले येईल!" साहेबही किंचित हसले. मग माझ्याकडे वळले. चांगले वयस्कर होते, बोलणं सभ्य.

"काय हो बाई? खरं आहे का हे?"

माझ्या जन्मात मला कोणी इतक्या सरळ, इतक्या मायेने काही विचारलं नव्हतं. नवरा दूर उभा होता. ती माझ्याकडे पाहत होती. तिचा माणूस भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर विहिरीकाठच्या केळीच्या पानात गुंडाळलेले, आणि तोही पाहत होता. मी हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, मार पडला असता, माहेरी परत गेले असते. मेले नसते.

"नाही जी," मी म्हटलं. "मी त त्या झाडाखाली कधी गेलीच नाही."

ती थुंकली. माझ्या पायापाशी नाही, बाजूला, तोंडात माती गेल्यावर थुंकतात तशी.

साहेबांनी नाक वर करून हवा ओढली. जळक्या जंगलाचा वास सगळीकडे होताच. पण मागच्या खड्ड्यातून तो गोड, करपट वास अजून येत होता, आणि तो वास कशाचा हे त्या भागात नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते मागच्या अंगणाकडे दोन पावलं गेले. थांबले. परत आले.

"चहा मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मी चहा केला. दूध नव्हतं, कोराच केला. त्यांनी पायरीवर बसून प्यायला, बशी स्वतः विसळून ठेवली आणि तिच्या माणसाला जीपमध्ये घालून घेऊन गेले. आधी अहेरीच्या दवाखान्यात, मग चांद्याच्या जेलात. ती जीपच्या मागे बरीच दूर पळत गेली. वळणावर दिसेनाशी झाली.

काही वर्षांनी आमची बदली राजुऱ्याकडे झाली. मुलं झाली. नवरा म्हातारा झाल्यावर मारायचा थांबला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही, मरेपर्यंत. लोक म्हणतात आमचा संसार चांगला झाला.

नवरा गेल्यावर, मागच्या उन्हाळ्यात, पुतणीच्या लग्नाला आलापल्लीला गेले होते. त्या दिवशी बाजार होता. फडक्यावर मोहाचा ढीग घेऊन ती बसली होती. केस पांढरे, गोंदण फिकं पडलेलं, दात मात्र तेच. शेजारी तिचा माणूस. पिशवी धरायची तर पिशवीचा बंद मनगटात अडकवत होता, कारण बोटं नव्हतीच म्हणायची. तळव्याला चिकटून राहिलेले गड्डे. जबडा एका बाजूला सरकलेला. गिऱ्हाईक पिशवी पुढे करी, तो मनगटाने ती उघडी धरी आणि ती पायलीने मोजून ओतत असे. दोघांना त्याची इतकी सवय झाली होती की एकमेकांकडे पाहतही नव्हते.

मी उभी राहिले. तिने वर पाहिलं. लगेच ओळखलं, ओळखलं नाही असं दाखवलंही नाही.

"मोह पाहिजे काय बाई?"

मी फडक्यापुढे उकिडवी बसले. तो वास चहूबाजूंनी. पदर नाकाला लावला आणि परत काढला. म्हटलं, "आग मीच लावली होती."

तिने हातातली पायली खाली ठेवली. त्याने मान वळवून ऐकलं.

"मले सांगून काय फायदा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्याने चुकीच्या घरी निरोप आणावा, तसं म्हणाली. "मले ठाऊक हाय. याले ठाऊक हाय. साऱ्या टोल्याले ठाऊक हाय. साहेबाले सांगायचं होतं."

"साहेब आता कुठी असतील, मेलेही असतील."

"मंग दुसऱ्याले सांग. ज्याले ठाऊक नाई त्याले सांग. आमाले काऊन सांगते?"

तो मनगटाने पिशवी पुढे सरकवत होता. मागे एक बाई येऊन उभी राहिली होती.

"सरक वो," ती मला म्हणाली. "गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

मी सरकले. लग्नघरी परत आले, जेवले, पुतणीच्या हातात आहेर ठेवला. घरी आल्यावर मुलांना सांगायचा प्रयत्न केला, तर धाकटा म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता ते, बाबा नाहीत." मोठा उठून गेला. म्हणून लिहिते आहे, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. झाड त्यांच्या घरचं होतं, पण आग त्यांच्या घरची नव्हती. आग मी लावली. धूर पाहिला होता. कोयता माझ्या हातात होता, आणि तो माणूस जळावा अशी मी वाट पाहत उभी होते. साहेबांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. आज विचारलं तर हो म्हणते.